पॅनिक, एंग्झायटी आणि आपलं शरीर: ठाणे-नवी मुंबईतले लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी ठाण्यात काउन्सेलर म्हणून काम करते. येणारी माणसं घोडबंदर रोडवरची असतात, कळव्याची असतात, ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांमधली, नेरूळ-सीवूड्सची, वयं वेगळी, कामं वेगळी, पण प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. हे वाचलं म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नका, उलट तिथे गेल्यावर काय विचारायचं ते कळावं म्हणून वाचा.

ईसीजी, टूडी इको, ब्लड, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग मला झालं तरी काय?

पहिल्या भेटीत बहुतेकांच्या हातात फाईल असते. रात्री अचानक छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, आता आपण जातोय असं वाटलं, घाईघाईत रिक्षा करून कॅज्युअल्टीत गेले, ईसीजी काढला, आणि डॉक्टर म्हणाले काही नाही, टेन्शन घेऊ नका. घरी आल्यावर सगळे म्हणतात बघ, काहीच नव्हतं. आणि माणूस आतून जास्तच घाबरतो, कारण त्याला जे झालं ते तर खरंच झालं होतं ना!

तर सगळ्यात आधी हे ऐका, याला पॅनिक अॅटॅक म्हणतात, आणि जे झालं ते खरं होतं. धडधड खरी, घाम खरा, श्वास लागला तोही खरा. नाटक नव्हतं, भासही नव्हता. धोका समोर आला की शरीराने जे करायला हवं तेच शरीराने केलं, फक्त त्या वेळी धोका नव्हता. रिपोर्ट नॉर्मल येतात ते त्यामुळेच, हृदय, फुफ्फुसं सगळं धडधाकट आहे आणि नको त्या वेळी जोरात कामाला लागलंय.

शरीर आपलं रक्षण करतंय म्हणता, मग एवढा त्रास कसा काय होतो?

समजा येऊरला संध्याकाळी फिरायला गेलात, झाडीत खसफस झाली आणि समोर बिबट्या. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, बिबटे तिथे आहेतच, त्यामुळे हे काही फार लांबचं उदाहरण नाही. अशा वेळी विचार करत बसलात तर संपलं. म्हणून मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग विचारांची वाट न बघता थेट इशारा देतो, तो मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस नावाच्या भागाकडे जातो, तिथून नसांमधून किडनीच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींकडे, आणि रक्तात अॅड्रिनलिन नावाचं हार्मोन सुटतं, काही सेकंदांचा खेळ. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमाराला याला फाइट ऑर फ्लाइट म्हटलं, म्हणजे लढ नाहीतर पळ.

आता एकेक लक्षण घ्या आणि ते पळायला किंवा लढायला कसं उपयोगी आहे ते बघा, मी हे प्रत्येकाला सांगते कारण इथेच अर्धी भीती उतरते. हृदय जोरात धावतं कारण मांड्यांना आणि दंडांना जास्त रक्त हवं. ते रक्त त्वचेकडून आणि पोटाकडून काढून घेतलं जातं म्हणून हात गार पडतात, चेहरा पांढरा पडतो, पोटात गोळा येतो, पचन थांबतं, तोंडाला कोरड पडते, कुणाला त्याच क्षणी टॉयलेटला जावंसं वाटतं. घाम येतो कारण इंजिन तापणार आहे हे शरीराने आधीच धरलेलं असतं. स्नायू ताणून तयार राहतात, ते वापरले गेले नाहीत की थरथर होते, मान-खांदे दुखतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. बाहुल्या मोठ्या होतात म्हणून मॉलमधले लाइट डोळ्यात खुपतात. लिव्हर साखर सोडतं. अगदी जखम झालीच तर रक्त पटकन गोठावं याचीसुद्धा तयारी होते. इतका बारीक विचार शरीर तुमच्यासाठी करतं, आणि तुम्ही त्या वेळी बसलेले असता सीवूड्सच्या फूड कोर्टात, हातात ट्रे घेऊन! पळायचं कुठे आणि लढायचं कुणाशी, म्हणून ती सगळी ताकद अंगातच घुमत राहते आणि तोच तो त्रास.

मुंग्यांचं आणि चक्करचं कारण जरा वेगळं आहे. भीतीत आपण भराभर श्वास घेतो पण पळत तर नसतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, आणि डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, आजूबाजूचं सगळं खोटं खोटं, काचेपलीकडचं वाटायला लागतं. ऑक्सिजन कमी पडतोय असं वाटतं पण तसं नसतं. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर अजून बऱ्याच घरात आहे, पॅनिकमध्ये लोक तो बोटाला लावतात आणि तो ९८-९९ दाखवतो, मग त्यांना वाटतं मशीन बिघडलंय. मशीन बरोबर असतं.

पण मी तर शांत बसलो होतो, कसलीच भीती नव्हती. मग हे आलं कुठून?

दिवाळीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये लांब कुठेतरी सुतळी बॉम्ब फुटतो आणि एखाद्या गाडीचा अलार्म बोंबलायला लागतो, चोर नसतोच. गाडीचा अलार्म चांगलाच आहे, फक्त जास्त हळवा सेट झालाय. आपलंही असंच होतं. आठवडाभर झोप कमी, नाइट शिफ्ट, रिकाम्या पोटी तीन चहा, घरी कुणाचं आजारपण, ईएमआय, किंवा सहा महिन्यांपूर्वी जवळचं कुणी अचानक गेलं. यातलं काहीच त्या क्षणी डोक्यात नसतं, पण अलार्म हळवा झालेला असतो.

मग साधंसं काही होतं. स्टेशनचा जिना भरभर चढलात, हृदयाचा वेग वाढला जो वाढायलाच हवा होता, आणि तुमचं लक्ष तिकडे गेलं. मनात आलं, हे काय होतंय? हार्टचं तर नाही? तो विचार म्हणजे मेंदूसाठी धोकाच, म्हणून अजून अॅड्रिनलिन, अजून धडधड, मग खात्रीच पटते की नक्की काहीतरी झालंय. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र नीट मांडलं, आजची थेरपी बरीचशी त्यावरच उभी आहे. धडधडीमुळे पॅनिक होत नाही, धडधडीचा आपण जो अर्थ लावतो त्याने होतं.

झोपेतून दचकून उठून पॅनिक येणंही कॉमन आहे. वाईट स्वप्न पडलं असेल असं घरचे म्हणतात पण बहुतेक वेळा त्याचा स्वप्नाशी संबंध नसतो.

एंग्झायटी आणि पॅनिक एकच का?

नाही. एंग्झायटी म्हणजे पुढे काय होईल याची सतत चालू राहणारी काळजी, मंद आचेवर. पॅनिक अॅटॅक म्हणजे एकदम भडका, साधारण १० मिनिटांच्या आत सगळ्यात वर जातो आणि मग उतरायला लागतो, बऱ्याच जणांचा अर्ध्या तासात ओसरतो, मागे थकवा राहतो. डॉक्टरांच्या यादीत १३ लक्षणं आहेत, त्यातली किमान ४ एकदम आली तर पॅनिक अॅटॅक म्हणतात. एखादा अॅटॅक कुणालाही येऊ शकतो, तो आजार नाही. अचानक परत परत यायला लागले आणि पुढचा कधी येईल या धास्तीत महिना-महिना जायला लागला, रस्ते बदलले, बाहेर जाणं कमी झालं, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

हार्ट अटॅक आणि पॅनिक यातला फरक घरी कसा ओळखायचा?

घरी ओळखायचाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नेटवर तक्ते फिरतात, टोचल्यासारखं दुखलं तर पॅनिक, दाबल्यासारखं दुखलं तर हार्ट वगैरे, त्यावर जीव टांगू नका. पहिल्यांदाच असं झालं असेल, छातीत दाब किंवा आवळल्यासारखं असेल आणि ते हातात, जबड्यात, पाठीत जात असेल, चालताना-चढताना वाढत असेल, बेशुद्ध पडलात, वय चाळीसच्या पुढे आहे, शुगर-बीपी आहे, सिगरेट आहे, घरात हार्टचा इतिहास आहे, तर सरळ १०८ ला फोन करा नाहीतर जवळच्या कॅज्युअल्टीत जा. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये हार्टची लक्षणं कधी कधी साधी दिसतात, नुसता दम लागणं, मळमळ, खूप थकवा, हेही लक्षात ठेवा.

थायरॉइड वाढलेला असणं, अॅनिमिया, शुगर खाली जाणं, हृदयाच्या ठोक्यांची गडबड, दम्याचा पंप जास्त वेळा घेणं, यातही हुबेहूब असंच होतं. म्हणून एकदा नीट तपासणी हवीच. पण एकदा! डॉक्टरांनी बघून सांगितल्यावर सुद्धा दर पंधरा दिवसांनी नवीन लॅब, नवीन ईसीजी, दिवसातून वीस वेळा नाडी बघणं, हे मात्र आजार वाढवतं. खात्री झाली की दोन तास बरं वाटतं आणि मग मेंदू परत नवीन खात्री मागतो.

चक्कर येऊन पडेन का? वेड लागेल का? श्वास बंद पडला तर?

पडण्यासाठी बीपी एकदम खाली यावं लागतं, पॅनिकमध्ये ते वर जातं, म्हणून वाटतं पडेन पण माणूस सहसा पडत नाही. अपवाद रक्त किंवा सुई बघून घाबरणाऱ्यांचा, त्यांचं बीपी खरंच खाली येतं, त्यांनी पटकन आडवं व्हावं. वेड पॅनिकमुळे लागत नाही, आपण खरे नाही असं वाटणं हा वर सांगितलेल्या श्वासाचा आणि अॅड्रिनलिनचा परिणाम आहे, तो जातो. आणि श्वास चालवायचं काम मेंदूच्या खालच्या भागाकडे आहे, तुम्ही झोपलात तरी तो चालवतो, तुम्ही घाबरलात म्हणून तो थांबत नाही.

लोकलमध्ये आलं तर? तिथून तर उतरताही येत नाही.

हा प्रश्न नवी मुंबईकर हमखास विचारतात, आणि नव्वद टक्के वेळा जागाही एकच सांगतात, वाशी सोडल्यावर मानखुर्द यायच्या आधीचा खाडीवरचा पूल. दोन्ही बाजूला पाणी, पुढचं स्टेशन लांब, आणि त्यात गाडी सिग्नलला थांबली की झालं. एक मुलगी वर्षभर वाशीला उतरून बसने पुढे जायची, ऑफिसला रोज उशीर, तरी ट्रेन नको.

गाडी पुलावर थांबली आहे आणि सुरू झालंय असं धरून सांगते. पहिलं, नाव द्या. मनात म्हणा, हे पॅनिक आहे, ओळखीचं आहे, वर जाईल आणि उतरेल. दुसरं, घालवायच्या मागे लागू नका. खांदे सोडा, जबडा सोडा, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवा, वरची कडी पकडली असेल तर तिचा गारवा हाताला जाणवू द्या. तिसरं, लक्ष आतून बाहेर न्या, पाण्यातली खारफुटी बघा, डब्यात कुणाच्या साडीचा रंग काय, समोरच्या जाहिरातीतली अक्षरं उलटी वाचा. हे लक्ष वळवणं पळून जाण्यासाठी नाही, धोका नाहीये हे डोळ्यांनी मेंदूला दाखवण्यासाठी आहे. आणि चौथं, जमलं तर शेजारच्या बाईंना सांगा, मला जरा कसंतरी होतंय, दोन मिनिटं बसते. लेडीज डब्यात मी कितीदा बघितलंय, पाणी पुढे येतं, खिडकीची जागा मिळते, कुणीतरी पदराने वारा घालतं. लोक हसतील ही भीती आपल्या डोक्यात असते तेवढी बाहेर नसते.

पुढच्या स्टेशनला उतरायची प्रचंड इच्छा होईल. शक्य असेल तर उतरू नका, निदान पॅनिक ओसरायला लागेपर्यंत थांबा. कारण पुढे, जागा टाळण्याच्या प्रश्नात सांगते.

मला दीर्घ श्वासाने उलट जास्त होतं, असं का?

कारण सगळे म्हणतात मोठा श्वास घे, आणि तुम्ही आधीच जास्त घेतलेला असतो. घ्यायचा नाही, सोडायचाय. नाकाने हळू आत, साधारण ४ मोजेपर्यंत, आणि बाहेर ६ पर्यंत, छाती न फुगवता पोटाने. श्वास बाहेर सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे हृदयाचा वेग आपोआप थोडा कमी होतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका, खरंच दमा किंवा हार्टचं असेल तर तो घातक ठरू शकतो. आणि हा सराव रोज घरी शांत असताना करा, थेट पुलावर पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही आणि मग वाटेल हेही चालत नाही.

ज्या ठिकाणी त्रास होतो तिथे जाणंच बंद केलं तर काय बिघडलं?

इथेच सगळं बिघडतं, कळकळीने सांगते. तुम्ही उतरलात, बरं वाटलं, मेंदूने काय शिकलं? की पूल धोक्याचा होता आणि उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो अलार्म आधी वाजवेल, वाशीलाच, मग सानपाड्याला, मग घरातून निघतानाच. एका माणसाने आधी ट्रेन सोडली, मग मॉल, मग लग्नकार्य, मग लिफ्ट, शेवटी बायको बरोबर असेल तरच गल्लीतल्या दुकानापर्यंत. प्रत्येक पाऊल त्याला शहाणपणाचं वाटत होतं.

उलटी वाट हळूहळू चढायची असते. आधी रविवारी गर्दी नसताना सानपाडा ते वाशी, मग वाशी ते मानखुर्द कुणाला तरी घेऊन, मग एकट्याने, मग ऑफिसच्या वेळी. प्रत्येक पायरीवर भीती येणारच, ती आली तर पाऊल फसलं असं नाही, तिच्यासकट थांबलात तर मेंदू नवीन काहीतरी शिकतो. थेरपीत आम्ही मुद्दाम धडधडसुद्धा आणतो, जागच्या जागी पळायला लावतो, खुर्चीत गरगर फिरवतो, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतो, म्हणजे माणसाला स्वतःच्या अंगात बघता येतं की ही धडधड आली, काही झालं नाही, गेली. हे हार्ट, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. या सगळ्याला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात, बऱ्याच जणांना दहा-पंधरा सेशनमध्ये चांगला फरक दिसतो.

गोळ्यांची सवय लागते ना?

दोन वेगळ्या गोळ्या आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन वगैरे एसएसआरआय प्रकारातल्या, यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण असर यायला २ ते ६ आठवडे जातात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता जरा वाढूही शकते, हे कुणी सांगितलं नाही म्हणून कितीजण चौथ्या दिवशी सोडून देतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायच्या असतात आणि डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या.

दुसऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, या लगेच शांत करतात आणि त्यातच धोका आहे, यांची सवय लागते. थोड्या दिवसांसाठी डॉक्टरांनी दिल्या तर ठीक, पण मावशीच्या गोळीतली अर्धी घेणं, ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणणं नको. आणि बरेच महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते.

चहा सोडू का? व्यायाम करू की नको?

पूर्ण सोडायची गरज सगळ्यांना नसते. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे दुपारनंतर बंद आणि रिकाम्या पोटी नको, एनर्जी ड्रिंक अजिबात नको. दारूने त्या रात्री बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एंग्झायटी दुप्पट होऊन येते. व्यायाम जरूर करा, तलावपाळीला दोन चकरा मारल्या तरी चालतील, धडधड ही रोजची साधी गोष्ट आहे हे शरीराला त्यातूनच कळतं.

घरच्यांनी काय करायचं? आई म्हणते दृष्ट लागली, बाबा म्हणतात मन घट्ट कर.

आईला दृष्ट काढू द्या, तिच्या मायेने काही बिघडत नाही, फक्त त्यानंतर डॉक्टर टाळायचा नाही. घरच्यांना माझी विनंती एवढीच की "काही नाहीये तुला" म्हणू नका. त्याऐवजी म्हणा, मी आहे इथे, हे उतरणार आहे, आपण थांबू. आवाज हळू ठेवा, घोळका करू नका, तोंडावर पाणी मारू नका. आणि काळजीपोटी त्यांची सगळी बाहेरची कामंही अंगावर घेऊ नका, भाजी आणणं, बँकेत जाणं, हे त्यांचं त्यांना करू द्या, लागलं तर बरोबर चाला. रोज सोडायला-आणायला जाणारा नवरा प्रेमानेच करतो, पण त्यातून बायकोचा मेंदू हेच शिकतो की एकटीने जमणार नाही.

जायचं कुठे? पैसे किती लागतील?

रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर वाट न बघता लगेच या नंबरला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलात जा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे, नावाला घाबरू नका, ओपीडीत दाखवायला येणारे बहुतेक आपल्यासारखेच दाखवून घरी जाणारे असतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था आहे, तिथे थेरपी आणि डॉक्टर दोन्ही मिळतात. खाजगीत फी जागेप्रमाणे बदलते, फोनवरच विचारा, लाजू नका. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला हवं, पण बऱ्याच पॉलिसीत ओपीडीच येत नाही, तुमची पॉलिसी वाचून बघा.

हे कायमचं जातं का?

भीती जाणार नाही, जायलाही नको, खरा बिबट्या आला तर लागेल ती. पॅनिकची धास्ती मात्र जाते, बहुतेकांची जाते. मध्येच परीक्षा, बाळंतपण, नोकरी बदलणं अशा काळात एखादा अॅटॅक परत येऊ शकतो, तेव्हा सगळं पाण्यात गेलं असं समजू नका, सरावाची जुनी वही काढा आणि परत सराव सुरू करा.

पहिल्या अपॉइंटमेंटला काय घेऊन जाऊ?

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं, आयुर्वेदिक आणि वजनाच्या गोळ्यासुद्धा, आणि एका कागदावर शेवटच्या अॅटॅकबद्दल चार ओळी, कुठे होतात, आधी काय खाल्लं-प्यायलं, पहिलं लक्षण कुठलं, आणि त्या क्षणी डोक्यात कुठलं वाक्य आलं. ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, "मी मरतोय" असेल, "सगळे बघतायत" असेल, "पोरांचं काय होणार" असेल, जसं आलं तसंच लिहा. आम्ही काम तिथूनच सुरू करतो.